मधला साकव

प्रशिक्षणाचं पत्र आलं की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला प्रश्न पडतो, जेवण आहे का? दुसरा प्रश्न, सही फक्त सकाळी घेतात की संध्याकाळीही? विषय काय आहे हे बहुतेकांना हॉलमधला फळा वाचल्यावरच कळतं. त्या वर्षी भातं पिवळी पडायला लागली होती तेव्हा आम्हाला रत्नागिरीत बोलावलं आणि फळ्यावर लिहिलेलं दिसलं, ‘चिकित्सक विचार’. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण काय करत होतो गं?" मी म्हटलं, "माहिती भरत होतो." दोघी हसलो आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

खरं सांगायचं तर मला या विषयात शिकण्यासारखं काही असेल असं वाटतच नव्हतं. कॉलेजात वादविवाद स्पर्धेतली ढाल मी आणलेली. सासरी माझ्याशी वाद घालायला कुणी धजावत नाही, त्यामुळे आपण जिंकतो अशी माझी समजूत होती. ते बिचारे कंटाळून गप्प बसतात हे नवऱ्यानं पुष्कळदा सांगून पाहिलं होतं.

शिकवायला आलेले गृहस्थ निवृत्त प्राध्यापक होते. आवाज बारीक, बोलणं सावकाश. त्यांनी स्लाइड लावल्या नाहीत. फळ्यावर एक पऱ्या काढला, वरून वाहत येणारं पाणी आणि दोन काठ. एका काठावर लिहिलं, ‘शेजाऱ्यानं बोअरवेल मारली, नंतर आमची विहीर आटली.’ दुसऱ्या काठावर लिहिलं, ‘शेजाऱ्यानं आमचं पाणी पळवलं.’ मग आमच्याकडे वळून विचारलं, "मधला साकव कुठाय?"

हॉलमध्ये गलका झाला. अर्ध्या शिक्षकांच्या विहिरी शेजाऱ्यांनी पळवलेल्या निघाल्या. सर शांतपणे ऐकत राहिले. म्हणाले, "अलीकडे तुम्ही पाहिलेलं असतं. पलीकडे तुम्हाला म्हणायचं असतं. मधे लाकडं टाकावी लागतात. नुसती उडी मारणारे पुष्कळ. ते पोचतात पलीकडे, पाण्यात पडतो तो दुसराच कुणीतरी."

शेवटच्या दिवशी, सगळ्यांचं लक्ष सहीच्या कागदाकडे लागलेलं असताना, ते आणखी एक वाक्य बोलले. जो निष्कर्ष आपल्याला आवडतो त्याचा साकव दोनदा चालून बघा, नावडत्याचा आपण आपसूकच बघतो. मला वाक्य आवडलं. पण टाळी द्यावी तसं आवडलं, एवढंच.

आमची शाळा हातखंब्याहून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात आहे. वर्ग दोन, शिक्षक दोन, मागे स्वयंपाकाची शेड आणि त्यामागे परसबाग. मी पावसकडची, लग्नानंतर शहरात राहते, स्कूटीवरून रोज वर जाते. मुख्याध्यापिकेचा कारभार माझ्याकडे आहे. माझे सोबती गुरुजी त्या दिवसांत आजारी रजेवर होते, त्यामुळे शाळा मी एकटी आणि पोषण आहार शिजवणारी ताई, अशी चालली होती.

ताई त्याच गावची सून. नवरा मुंबईत, असून नसल्यासारखा. चाळीतल्या खोलीत तो आणि त्याचे भाऊ, तिथं हिला कुणी बोलावत नव्हतं. ती गावात एकटी राहायची आणि चुलीपुढे उभी राहिली की तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. गावात लग्न असो, देवळातलं जेवण असो, भाताचा अंदाज तिनंच घ्यायचा. शाळेतली परसबाग तिचीच. उनाड गुरं येऊन भेंडी खाऊन जायला लागली तेव्हा मागे एका पावसाळ्यात तिनं सभोवार मोगली एरंडाच्या फांद्या खोचल्या. कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, फांदी खोचली की जगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. वर्षभरात असं दाट कुंपण झालं की मी त्याचा फोटो काढून केंद्रप्रमुखांना पाठवला. त्यांनी शाबासकी दिली. ती मी ताईला वाचून दाखवली तर म्हणाली, "शाबासकीचा काय करू, एक झारी द्याया सांगा."

वाढायच्या आधी शिक्षकानं अन्नाची चव घ्यायची असा नियम आहे. ती स्टीलच्या ताटलीत चमचाभर अन्न घेऊन यायची आणि पदर खोचून समोर उभी राहायची.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"मग तोंड असा का?"

"माझं तोंडच असं आहे."

"ता मला ठाव हाय," असं म्हणून ती ताटली घेऊन जायची. आमचं हे रोजचं होतं.

तो दिवस नवरात्रातला. मटकीची खिचडी होती. मी चव घेतली, पोरं जेवली, बाहेर खेळून आली आणि मी गणित सुरू केलं. चौथीतला एक मुलगा पोट धरून उठला आणि दारापर्यंत पोचायच्या आत ओकला. त्याच्यामागे शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची मुलगी. मग आणखी दोघं, मग वर्गात नुसती रडारड. अध्यक्ष टेम्पो चालवतात. फोन केला तेव्हा ते सुदैवानं घरीच होते. मागच्या हौद्यात पोरांना घेऊन मी बसले आणि आरोग्य केंद्राच्या वाटेवर प्रत्येक वळणाला एकेक पोर माझ्या मांडीवर ओकत होतं. अध्यक्षांची मुलगी तर बोलायचीच बंद झाली होती. आरशातून ते मागे बघत होते, आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

डॉक्टर तरुण होते. सलाइन लावली, तपासलं, मला म्हणाले, "पोटात काहीतरी गेलंय. अन्नाचा नमुना ठेवलाय ना? पाठवू." ‘पोटात काहीतरी गेलंय’ हे मी पायरीवर उभं राहून ऐकलं. फाटकापाशी जमलेल्या माणसांपर्यंत जाईस्तोवर त्याचं ‘खिचडीत काहीतरी होतं’ झालं होतं. मधे फक्त एक अंगण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी मुलं घरी आली, हिंडायला लागली. पण गाव शांत होईना. अध्यक्ष शाळेत आले ते चार माणसं घेऊनच. "खिचडी खाल्ली, उलट्या झाल्या. आता आनखी काय पायजे, बाई?"

ताई शेडच्या दारात उभी होती. "मी काय विष घातलाय काय?"

"ता आमाला काय ठाव?" ते म्हणाले. "रविवारी देवळात बसू. तोवर चूल बंद."

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. याच अध्यक्षांच्या वहिनीला हे काम हवं होतं, अर्ज करून ती दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेली होती. ते वाक्य टाकलं असतं तर माणसं हसली असती आणि अध्यक्षांचं तोंड बंद झालं असतं. वादविवादाची ढाल मी अशाच वाक्यांवर आणली होती. पण हौद्यातली त्यांची मुलगी डोळ्यांपुढे आली. वहिनीला काम हवं होतं म्हणून खिचडी चांगली होती असं काही होत नाही. माणसाचा हेतू खोटा असला तरी त्याचं म्हणणं खरं असू शकतं. मी वाक्य गिळलं आणि मला स्वतःचा राग आला, कारण दुसरं वाक्य माझ्यापाशी नव्हतं.

काय पणाला लागलं आहे हे ताईनंच मला सांगितलं. शेडच्या पायरीवर बसून, भांडी उपडी घालत. "पगाराचा काय, तो हायच केवढा. पन उद्या लगनात मला कोन बोलावंल? हिच्या हातचा खाऊन पोरां मरायला टेकलेली, असा म्हनतील. मग मी हितं रव्हायचा कशाला आनि जायाचा कुठं?" ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळची शाळा. फक्त लहान वर्गातली मुलं आणि मोठ्यांतली दोन-तीन आली होती. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. खाली सतरंजीवर बसले आणि विचारलं, "त्या दिवशी खिचडी कुणी कुणी दोनदा घेतली?"

पहिली-दुसरीच्या मुलांचे हात भराभर वर गेले. एक म्हणाला, "मी तीनदा." त्याची आई ओरडेल म्हणून त्यानं हात लगेच खाली घेतला. या चिमुकल्यांपैकी एकालाही काही झालं नव्हतं. ही गोष्ट आरोग्य केंद्रात माझ्या डोळ्यांसमोर होती. आजारी पडलेली सगळी तिसरी-चौथीतली. ते मी पाहिलं होतं आणि तरी ते मला दिसलं नव्हतं.

कोपऱ्यात चौथीतली एक मुलगी बसली होती. सलाइन लावलेल्यांपैकी. मी तिला विचारलं, "तू किती वेळा घेतलीस?"

"मी खाल्लीच नाय, बाई. माझा उपवास व्हता."

आपल्याला हवं तेच कानावर पडलं की माणूस कसा घाईला येतो ते मी त्या क्षणी अनुभवलं. उठून देवळाकडे पळत सुटावं असं वाटलं. पण साकव. मी परत बसले. तिच्या डब्यात काय होतं? शाबूदाणा. तोच बिघडला असेल तर? घरी आणखी कुणी खाल्ला? आईनं आणि धाकट्या भावानं खाल्ला, त्यांना काही झालं नाही. पाणी कुठलं प्यायलीस? टाकीतलं, सगळेच पितात, पहिलीतलेही. मग मोठी मुलं असं काय करतात जे लहान करत नाहीत?

"जेवल्यावर तुम्ही कुठं खेळता?"

कुणी बोलेना. परसबागेमागे जायचं नाही असा माझाच हुकूम होता, तिकडे साप निघतात म्हणून. मुलीनं खिडकीकडे बघितलं, मग माझं बोट धरून मला मागे नेलं. कुंपणाच्या बुंध्याशी मोगली एरंडाच्या विषारी बियांची काळी टरफलं पडली होती, दाण्यांची पुडी फोडून कुणी फस्त करावी तशी.

"शेंगदान्यासारखा लागता, बाई," ती हळूच म्हणाली. "सगल्यांनीच खाल्लानी."

मी दोन-चार बिया उचलून रुमालात बांधल्या. अशी आनंदले होते की काय सांगू. ताई सुटली. मग कुंपणाच्या टोकाशी फांदीला बांधलेली चिंधी दिसली, ताईच्या जुन्या लुगड्याची, आणि आनंद तिथंच विरला. कुंपण तिनं घातलं होतं. खिचडीतून सोडवायचं तर बिया दाखवायला हव्यात, बिया दाखवल्या की कुंपण, आणि कुंपण म्हटलं की पुन्हा ताईच. गाव पऱ्यावरून एक उडी मारणार होतं आणि पाण्यात पडणारं माणूस बदलणार नव्हतं.

एक सोपा मार्ग होता. कोयता आणायचा, गुपचूप सगळं तोडायचं आणि नमुन्याचा अहवाल येईपर्यंत गप्प बसायचं. मी कुंपणापाशी बराच वेळ उभी होते आणि तो मार्ग मला वाईट वाटत नव्हता.

शेवटी तिच्या घरी गेले. ती पडवीत तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"ता कुंपन मीच घातलाय, बाई."

"गावात सगळ्यांच्या बांधावर आहे ते."

"सगल्यांच्या बांधावर पोरां नाय आजारी पडली."

मी पडवीच्या कडेला टेकले. ती म्हणाली, "उद्या तुमी काय बोलू नका. मी देवाला कौल लावायला सांगनार हाय."

"ताई, दोन पाकळ्या असतात. डावी पडली तर?"

"तर डावी." ती पुन्हा पाखडायला लागली. "देव बोलला तर मी ऐकन. मानसांचा नाय ऐकायचा मला."

रविवारी सकाळी देवळात बसायला जागा नव्हती. मुंबई मंडळातले दोघे व्हिडिओ कॉलवर, फोन दीपमाळेच्या कट्ट्याला टेकवून ठेवलेला. गावकर, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीनं बोलायचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते म्हातारे गृहस्थ, खांबाला टेकून बसले होते. अध्यक्षांनी सगळी हकिगत सांगितली. प्रामाणिकपणे सांगितली, तिखटमीठ न लावता. मला ते आवडलं नाही. त्यांनी खोटं बोलावं अशी माझी मनातून इच्छा होती.

मागून कुणीतरी ताईची बाजू घेतली. "अरे, बाईंनी चव घेतलेली ना? बाईंना काय झाला? मग खिचडी बरी व्हती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनंही. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी आशा दिसली. एक ‘हो’ म्हणायचं होतं. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "चव घेतली. पण एका चमच्यावरून काही सिद्ध होत नाही. चमचाभर खाल्लं तर मला काही न होताही पोरांना होऊ शकतं."

देवळात कुजबुज उठली. ताईनं मान खाली घातली. मला पुढं सांगायचं होतं, त्या उपवासाच्या मुलीचं, पहिलीतल्या पोरांचं. मी सुरुवातही केली, "पण त्या दिवशी एक मुलगी..." तेवढ्यात गावकरांनी हात वर केला. "बाई, आदी देवाला इचारू. तिचाच तसा म्हनना हाय. मानसां मागनं बोलतील."

मी बसले. राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. बिया बांधलेला रुमाल माझ्या मुठीतच होता.

गुरवानं दोन पाकळ्या भिजवल्या आणि देवाच्या पाषाणावर डावी-उजवीकडे लावल्या. गाभाऱ्याच्या दाराशी एक उभा पंखा फिरत होता आणि त्याचा झोत उजवीकडे जास्त जात होता. ते माझ्या लक्षात आलं आणि मला बरं वाटलं. लोक देवाकडे डोळे लावून उभे होते आणि ढाल मिळवलेल्या बाई पंख्यावर भरवसा ठेवून.

"पंखा बंद करा रे," गावकर म्हणाले. "वाऱ्याचा कौल नको."

पंखा थांबला. मी ओशाळले. परीक्षा कशी घ्यायची, मधे दुसरं काय येऊ शकतं, हे या माणसांना कळत नव्हतं असं मी कशावरून धरलं होतं?

गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातचा तू पन जेवलायस. पोरांना बाधा झाली ती हिच्या जेवनातली असंल तर डावा दे. नसंल तर उजवा दे. गावाला वाट दाखव." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी नुसते ओठ हलवले.

मग कुणी हलेना. फोनमधली मुंबईसुद्धा गप्प. डावी पाकळी कडेनं सुटल्यासारखी वाटली, वाकली आणि तशीच राहिली. ताई हात जोडून उभी होती. मी विश्वास ठेवत नाही, ठेवलेला नाही, तरी त्या वेळी मी मनातल्या मनात ‘उजवा, उजवा’ म्हणत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. उजवी पाकळी पडली.

"उजवा!"

कुणीतरी घंटा वाजवली. ताई मटकन खाली बसली आणि आता ती रडली. अध्यक्ष पुढं आले, तिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "चुकला असंल तर पोटात घाल गो." माणूस मनाचा खरा होता. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे फिरायला लागले. माणसं चपला शोधायला लागली. मला हवा होता तो निकाल लागला होता, आणि माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं.

जो निष्कर्ष आपल्याला आवडतो त्याचा साकव दोनदा चालून बघा. इथं तर साकवच नव्हता. बरोबर ठिकाणी आम्ही पोचलो होतो, पण उडी मारूनच. आणि कुंपण जिथल्या तिथं होतं, सोमवारी मोठी मुलं पुन्हा मागे जाणार होती, कारण बियांबद्दल पोरांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज नको इतका मोठा लागला. "खिचडीत दोष नव्हता. मग पोरं का आजारी पडली?"

"आता कशाला, बाई?" अध्यक्ष म्हणाले. "मिटला ना. देवान सांगितलान."

"देवाला जेवणाचं विचारलं, त्यानं जेवणाचं सांगितलं. दुसरं आपण विचारलंच नाही." मी रुमाल सोडला आणि बिया हातावर घेतल्या. "तुमच्या मुलीनं त्या दिवशी जेवल्यावर हे खाल्लं. सगळ्या मोठ्या मुलांनी खाल्लं. जिनं उपवास म्हणून खिचडी खाल्लीच नव्हती तिनंही हे खाल्लं, तीही आजारी पडली. ज्यांनी तीनदा खिचडी घेतली पण हे खाल्लं नाही, त्यांना काही झालं नाही."

अध्यक्षांनी एक बी उचलली. ती त्यांना दाखवायची गरज नव्हती, ती काय आहे ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरला. "माज्या पोरीनं मला सांगितलान कसा नाय?"

"आपण तिला विचारलंच नाही," मी म्हटलं. "खिचडी म्हणून सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. मीसुद्धा तीन दिवस तिच्याशी बोलले नाही."

मागून आवाज आला. "शाळंच्या मागचा ना? ता कुंपन घातलान कोनी?"

याच प्रश्नाला मी भीत होते. मी तोंड उघडलं, त्याआधी ताई उभी राहिली. गालावरचं पाणी तिनं पुसलं नव्हतं.

"मी घातलाय."

मी बोलायला लागले, भराभर, काही वाक्यं अर्धवट. कुंपण घालणं आणि पोरांना खायला घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंपण मला विचारून घातलं, मी फोटो काढून वर पाठवला, शाबासकी मी घेतली. मागे जाऊ नका असं पोरांना सांगितलं ते सापांसाठी, बियांचं कुणीच सांगितलं नाही, मीही नाही. आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या बांधावर मोगली एरंड नाही त्यानं हात वर करावा.

कुणी हात वर केला नाही. गावकरांनी खोबऱ्याचा तुकडा पानावर ठेवला. "आमच्या तीनी बांदांवर हाय," ते म्हणाले. "आमी ल्हान असताना आमाला आजी सांगायची, त्याला तोंड लावू नका म्हनून. आमी आमच्या नातवांना नाय सांगितला." मग अध्यक्षांकडे बघून म्हणाले, "टेम्पो घेवन ये उद्या. शाळंचा कुंपन काढू. दुसरा कायतरी लावू." अध्यक्षांनी मान हलवली. चूल सोमवारपासून सुरू ठेवायची हे सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही.

सगळं चांगलं झालं होतं. मी बाहेर आले, चपला घालत होते, तर ताई शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवान मला सोडवलान, बाई. तुमी नाय सोडवलात."

तिच्या म्हणण्यात चूक काढता आली असती, मुद्दे होते माझ्याकडे, पण ते सगळे खरे असूनही निरुपयोगी होते. स्कूटीवरून उतरणीला लागले तेव्हा मला रडू आलं, आणि हातखंब्यापर्यंत येत राहिलं.

ती कामावर आली. कुंपण निघालं, त्या जागी अध्यक्षांनी जाळी लावून दिली. मुलांना मी बिया हातात देऊन दाखवल्या आणि ओळखायला शिकवल्या. काही आठवड्यांनी नमुन्याचा अहवाल आला, खिचडीत काही सापडलं नव्हतं. तो वाचायला कुणी आलं नाही. लग्नसराईत ताईला बोलावणी आली, पहिलं बोलावणं अध्यक्षांच्याच घरातून. पण शाळेत चवीची ताटली ती टेबलावर ठेवायची आणि निघून जायची. मीठ विचारायची नाही. मी एकटीच चमचा तोंडात घालायची आणि मला कधी चव लागायची नाही.

असं पुष्कळ दिवस चाललं. मग शिमग्याच्या आसपास एक दिवस ती वाटाण्याची उसळ घेऊन आली आणि ताटली ठेवून गेली नाही. पदर खोचून उभी राहिली. मी चमचा तोंडात घातला. तिनं विचारायच्या आतच मी सांगितलं, "चांगली झालीय."

"कशावरनं?" ती म्हणाली. "येका चमच्यावरनं काय सिद्द होत नाय, बाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. ती उत्तराची वाट बघत होती.

मी उठले, रांगेतल्या शेवटच्या मुलामागे ताट घेऊन उभी राहिले, आणि तिनं मला भात आणि दोन पळ्या उसळ वाढली. पोरांच्या पंगतीत बसून मी सगळं संपवलं. तेव्हापासून मी रोज तिथंच जेवते.